घरचाच पेशंट

आमची मावशी तीस वर्षं नर्स होती. रिटायर झाली, पण खोड काही गेली नाही. आता बिल्डिंगभरातली झाडं तपासते. कुणी कुंडी घेऊन दारात आलं की आधी दटावणार, मग मातीत बोट खुपसणार. पानांची टोकं करपून कुरकुरीत झाली असली तर, "तहानलंय बिचारं." पान मऊ पडून तपकिरी होत असलं तर, "लाडाने मारताय त्याला! पाणी बंद." सगळे तिला सिस्टरच म्हणतात.

आणि या बाईच्याच मनीप्लांटची पानं खालून तपकिरी पडायला लागली. आता बोला! मी पोट धरून हसले. ती हसली नाही. तिने कुंडी उपडी केली, तर मुळं काळी, लिबलिबीत, वास मारणारी. तिने सडकी मुळं छाटली, माती बदलली, पाणी बंद केलं. चौथ्या दिवशी मातीचा पुन्हा चिखल.

त्या दुपारी आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या दारातून बघत राहिलो. काका, म्हणजे मावशीचे यजमान, झारी घेऊन आले, झाडाला पाणी घातलं, गेले. दहा मिनिटांनी पुन्हा आले. मग पुन्हा. दरवेळी तितक्याच मायेने, जणू आजचं पहिलंच. वर्षभरापासून त्यांचं विसरणं वाढत चाललं होतं. गॅस, किल्ल्या, एकट्याने बाहेर जाणं, एकेक करत आम्ही सगळं बंद केलं होतं.

माझं डोकंच फिरलं. "मग झारी लपव ना! त्यात काय एवढं?"

"गप्प बस," मावशी म्हणाली. "त्यांच्या हाताला एवढं एकच काम उरलंय. तेही काढून घेऊ?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने कात्री आणली. वेलाचा वरचा हिरवा भाग पेराखाली कापला आणि काचेच्या बरणीत नुसत्या पाण्यात ठेवला. खाली मोठी परात. "आता घालू देत किती घालायचं ते," ती म्हणाली. महिन्याभरात पांढरी मुळं फुटली. परात ती दिवसातून चारदा रिकामी करते. कुरकुरते, पण करते.

काल मी तिथेच होते. परात ओतून मावशी नुकती कुठे टेकली होती, तेवढ्यात काका खोलीतून आले.

"अगं, झाडाला पाणी घातलं का कुणी?"

"अगंबाई! नाही हो," मावशी म्हणाली. "कुणाच्या लक्षातच नाही राहिलं. बरं झालं, तुम्हाला आठवलं."