रिव्हिजन शून्य

सिल्वासाजवळच्या सायली गावातल्या एका प्लॅस्टिकच्या कारखान्यात माझं काम ड्रॉइंग सांभाळायचं. डिझाइन बदललं, म्हणजे 'रिव्हिजन' झाली, की नवं ड्रॉइंग मशीनवर पोचवायचं, जुनं परत आणून त्यावर 'ऑब्सोलीट'चा लाल शिक्का मारायचा, म्हणजे ते रद्द. जुना कागद कामगाराच्या हाती राहिला तर अख्ख्या पाळीचं काम वाया जातं. या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

घरी सहावीतली मुलगी आणि तिची ती राक्षसांची जपानी मालिका. माझ्या लग्नाच्याही आधीपासून चालू आहे आणि संपायचं नाव घेत नाही. तिच्यातला एक प्राणी पोरीचा लाडका: एक शिंग, सहा पाय, पोटाला फट आणि फटीतून उजेड. मोठा होताना तो रूप बदलतोच, शिवाय दर सीझनला बनवणारेही त्याला बदलतात. सहाचे चार पाय झाले, शिंग मागे वळलं. आधी म्हणे तो डोंगराच्या रागातून जन्मला. पुढे कळलं, की त्याने एका गावाचा उजेड जपण्यासाठी गिळून ठेवलाय.

"मम्मी, मग पहिलेवालं झूठ होतं का?" तिने विचारलं. शाळेत हिंदी-गुजराती, घरी आमचं धुळ्याचं, त्यामुळे तिची भाषा ही अशी.

"खोटं नाही गं. रिव्हिजन झाली."

हे तिला भलतंच आवडलं. तेव्हापासून वहीतल्या प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात रिव्हिजनचा नंबर पडायला लागला: पहिल्याला शून्य, मग एक, दोन. जेवण झालं की ती वही घेऊन येऊन बसायची आणि मी ऑफिससारखं गंभीर तोंड करून तपासायचे. दिवसातला तेवढाच वेळ आम्हा दोघींचा.

नव्या सीझनमध्ये तो प्राणी दोन पायांवर उभा राहिला. तिने लगेच नवं पान काढलं. त्या रविवारी ती क्लासला गेली असताना, तिला खूश करावं म्हणून मी वही घेऊन बसले. पर्समध्ये शिक्का होताच. मागची अकराही पानं उलटली आणि प्रत्येकावर आडवा लाल शिक्का मारला.

ती आली आणि एकेक पान बघत पहिल्या पानापर्यंत गेली. ते तिने तिसरीत काढलं होतं, आम्ही सिल्वासाला आलो त्या आठवड्यात. तेव्हा शाळेत तिला एकही मैत्रीण नव्हती.

"तेव्हा तो तसाच होता," ती म्हणाली. "मग रद्द कसा?"

मी तिला नियम सांगितला. खरंच, नियम सांगितला!

त्या दिवसापासून वही माझ्यासमोर येईना. जेवण झालं की ती आतल्या खोलीत. आधी मी चिडले, एवढं काय त्यात. मग घाबरले. पोरगी आता मला कधीच काही दाखवणार नाही, असं वाटायला लागलं.

दोन आठवड्यांनी जवळच्या राखोलीतल्या कारखान्यातून एक जुना साचा दुरुस्तीला आला. आमच्या फिटरकाकांना मी नवं ड्रॉइंग दिलं. तेही खानदेशचेच. त्यांनी ते परत केलं.

"ताई, हाऊ साचा जुना शे. याले जुनंच ड्रॉइंग लागी."

मी कपाट उघडलं. प्रत्येक जुन्या ड्रॉइंगची एक प्रत मीच तिथे ठेवते, निळ्या 'मास्टर कॉपी' शिक्क्याची. तिला लाल शाई लावायची नसते. इतकी वर्षं पाळलेला नियम घरी मी अर्धाच लावला होता. स्वतःचाच संताप आला.

संध्याकाळी निळा शिक्का तिच्यासमोर ठेवला. "चुकलं माझं," मी म्हटलं. "हा कुठे मारायचा ते तू ठरव."

ती उठून आत गेली. वही आणली, पहिल्या पानावर लाल शिक्क्याशेजारी निळा मारला आणि शाई वाळावी म्हणून फुंकर घातली. मग शेवटचं पान उघडून वही माझ्याकडे सरकवली. तिथे नवाच प्राणी होता: चष्मा, खांद्याला पर्स, कपाळावर शिंगाच्या जागी शिक्का. खाली लिहिलं होतं, 'आधी ही सगळं बघायची. मग रद्द करायला लागली.' कोपऱ्यात, रिव्हिजन शून्य.

मला हसू आलं आणि रडूही. तिने कोरं पान काढून कोपऱ्यात 'रिव्हिजन एक' लिहिलं.

"समोर बस. हलू नको."

"आणि ते आधीचं?" मी विचारलं. "फाडशील ना?"

"ते राहणार," पेन्सिलीला टोक काढत ती म्हणाली. "तेव्हा तू तशीच होती."