बारा जोडांचा कंदील

गुलबर्ग्यातल्या पत्रेवाल्यानं तापल्या लोखंडावर नवसागराचा खडा घासला. त्या तिखट पांढऱ्या धुरानं मला थेट मन्नाएखेळ्ळीच्या आमच्या दुकानात नेलं.

माझे वडील, अप्पा, कंदिलाचा सांगाडा बारा पट्ट्यांचा करत. प्रत्येक जोडाला कथलाचा वेगळा डाख; एखादी पट्टी चिरली तर तेवढीच बदलायची. दिवसाला चार कंदील झाले की त्यांची पाठ धरायची. म्हणून मी पुठ्ठ्यावर नवा साचा आखला. एकच पत्रा, चार घड्या, एक डाख. त्यावरून एक सांगाडा करून अप्पांच्या हातात दिला.

"अप्पा, बघा, किती सोपं व्हायलंय."

त्यांनी सांगाडा काळ्या बोटांत हळूहळू फिरवला. "ब्येस हाय. पर घडीवर चिरला तर काय बदलायचं?"

"बदलायचं कामून? नवा घ्यायचा."

अप्पा भर दुपारीच शेगडीवर पाणी शिंपडून भिंतीला टेकले. मला वाटलं, बरं झालं, आता यांना आराम.

आता गुलबर्ग्यात, मी दुरुस्तीला आणलेला कंदील पत्रेवाल्यानं उजेडात धरला. माझ्याच साच्यावरचा, घरात उरलेला शेवटचा.

"अक्का, घडीवरच चिरलाय. डाख धरत न्हाई. नवा घ्या."

"व्हय," मी म्हणाले आणि तिथंच बाकावर बसून राहिले. उठायचंच जिवावर आलं.