चेहऱ्यावरची फवारणी

पुतणी कॉलेजला जात नाही, हे मला कॉलेजनंच कळवलं. ती आमच्याकडे बारामतीत राहून बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकत होती. रोज साडेनऊला डबा घेऊन, तोंडाला स्कार्फ गुंडाळून निघायची आणि पाचला परत यायची. एक दिवस माझ्या मोबाइलवर मेसेज आला की ती बारा दिवस गैरहजर आहे.

विचारल्यावर तिनं लपवलं नाही. "एसटी स्टँडवर बसते, काका. तितं समद्याच पोरी स्कार्फ बांधून असतात. कोण ओळखतंय?"

मग तिनं स्कार्फ सोडला. कपाळ, गाल, हनुवटी पुटकुळ्यांनी भरली होती. काही पिकलेल्या, काही फोडून काळ्या पडलेल्या. शब्दकोशात याला तारुण्यपिटिका म्हणतात. ज्यानं हा शब्द घडवला त्याला त्या आल्या नसाव्यात. एका घरात राहून मला हे दिसलं नव्हतं, कारण सकाळी माझ्या तोंडासमोर पेपर असतो.

सत्राच्या शेवटी वर्गासमोर प्रत्येकाला पंधरा मिनिटं उभं राहून सेमिनार द्यायचा होता. तो न देता तिला कॉलेज सोडून गावी निरवांगीला परत जायचं होतं. तिच्या घरात बारावीच्या पुढं गेलेली ती पहिली.

मी फोन केल्यावर दुसऱ्या दिवशी तिचे वडील, म्हणजे माझे थोरले भाऊ, पिशवी घेऊन आले. दादांची डाळिंबाची बाग आहे. डाळिंबावर डाग दिसला की ते फवारतात, आठ दिवसांत फरक पडला नाही तर औषध बदलतात, आणि फारच झालं तर दोन औषधं मिसळतात. लेकीच्या चेहऱ्यावरही त्यांनी हेच धोरण चालवलं होतं. पिशवीतून त्यांनी एकेक वस्तू टेबलावर मांडली: दोन साबण, मुलतानी मातीचा डबा, लिंबाचा अर्क, तीन ट्यूबा.

"ह्यातली ही पांढरी ट्यूब भारी हाय," दादा म्हणाले. "आमच्या मेडिकलवाल्यानं दिली. आठ दिसांत तोंड लख्ख."

"आणि बंद केल्यावर?" मी विचारलं.

"दुप्पट," पुतणी म्हणाली.

एव्हाना भाऊबंद-पाहुण्यांनीही निदान करून ठेवलं होतं. एका साखरपुड्यात कारखान्यावर मोठ्या हुद्द्यावर असलेले आमचे एक पाहुणे तिला सगळ्यांदेखत म्हणाले होते, "रक्त अशुद्ध हाय तुझं. गोड सोड." त्यांना स्वतःला मधुमेह होता आणि हातात तिसरा पेढा.

मी त्वचेच्या डॉक्टरांची वेळ घेतली आणि आम्ही तिघं गेलो. डॉक्टरबाई तरुण होत्या. भिंतीवर एकही मानपत्र नव्हतं, त्यामुळे मला बरं वाटलं. त्यांनी पिशवीतलं सगळं पाहिलं आणि पांढरी ट्यूब बाजूला काढली. "यात स्टेरॉइड आहे. सूज दबते म्हणून चेहरा उजळ वाटतो. वापरत राहिलं की कातडी पातळ होते, आणि सोडलं की पुटकुळ्या उसळून येतात."

मग त्यांनी तिला, आम्हाला नव्हे, नीट समजावलं. या वयात शरीरातले बदल त्वचेखालच्या तेलाच्या ग्रंथींना जोर देतात. तेल जास्त सुटतं, झडलेल्या कातडीबरोबर छिद्राच्या तोंडाशी बूच बनतं, आत जंतू वाढतात आणि सूज येते. "तू अस्वच्छ आहेस म्हणून हे झालेलं नाही. घासून जाणार नाही. फोडलंस तर खड्डा राहील."

पुतणीनं मान वर केली. पुटकुळ्या आल्यापासूनच्या चार महिन्यांत तिला कुणी असं सांगितलं नव्हतं.

"किती दिस लागतील?" दादांनी विचारलं.

"तीन महिने. रात्री वाटाण्याएवढंच मलम, सगळ्या चेहऱ्यावर पातळ. मधे काही बदलायचं नाही."

"आन् जरा जास्त लावलं तर? लवकर हटंल की."

"कातडी जळेल."

औषध कडक झालं की झाडाची पानं कशी करपतात, हे दादांना डॉक्टरांपेक्षा जास्त माहीत होतं. ते लेकीला म्हणाले, "माझंच चुकलं गं. मी तुला बागंवानी फवारत बसलो."

ठरलं असं की तीन महिने कॉलेज सोडायचं नाही. स्कार्फ मात्र तिला ठेवायचा तर ठेवावा.

तिसऱ्या आठवड्यात कातडी सोलून निघाली आणि चेहरा आधीपेक्षा वाईट दिसू लागला. पुतणीनं बॅग भरायला घेतली. नेमका दादांचा फोन आला. मला वाटलं, ते न्यायलाच येतील. ते म्हणाले, "औषध बदलू नगं. त्या बाईंना इचार." बाईंनी मलम दिवसाआड लावायला सांगितलं आणि आग थांबली. दुसऱ्या महिन्यात नव्या पुटकुळ्या कमी झाल्या. डाग होतेच, ते जायला आणखी काही महिने लागतील, असं बाईंनी आधीच बजावलं होतं. आमच्या घरातला आरसा ती इतके दिवस भिंतीकडे फिरवून ठेवायची, तो मात्र आता सरळ राहू लागला.

सेमिनारच्या दिवशी ती संध्याकाळी आली आणि स्वयंपाकघरात माझ्या बायकोसमोर बसून चहा पिऊ लागली. मी पेपर खाली ठेवला.

"बांधूनच उभी राहिले," ती म्हणाली. "दोन मिनिटांत मागनं सर म्हणाले, ऐकू येईना. मग सोडला."

"हसलं कुणी?" बायकोनं विचारलं.

"न्हाय. एकजण झोपला होता, तो झोपूनच राहिला." चहा संपवून ती पुढं म्हणाली, "नंतर वर्गातली एक पोरगी आली. स्कार्फमधनंच विचारलं, तुझा डॉक्टर कोण? तिच्याकडं पन ती पांढरी ट्यूब हाय, काकू. गुरुवारी घेऊन जाते तिला."

"तुझं प्रॅक्टिकल असतं ना गुरुवारी?" मी विचारलं.

"ते दोनला हाय. आमी सकाळी जाणार," ती म्हणाली आणि कप विसळायला उठली.