भोंग्यावरून गेलेला प्रश्न

आमच्या न्यायाधीश मॅडम गावोगाव जाऊन बायकांना कायदा समजावून सांगत, तेव्हा शिबिराची तयारी माझ्याकडे असे. मी विधी सेवेची स्वयंसेविका. खुर्च्या, पाणी, बॅनर, माईक, हजेरी, परतीची गाडी. यादी करायची आणि झालेल्या कामापुढे खूण करायची. वळ गावच्या शिबिरात सगळ्या खुणा वेळेत झाल्या होत्या.

विषय होता जमिनीतला लेकीचा वाटा. शेतं गोदामांना जात होती, आणि व्यवहाराआधी बहिणींना माहेरी बोलावून हक्कसोडपत्रावर त्यांच्या सह्या घेतल्या जात. साडी, मटणाचं जेवण, मग भावाच्या गाडीतून भिवंडीचं नोंदणी कार्यालय. जबरदस्ती कोणी करत नसे. गरजच पडत नसे.

मॅडमनी शाल-श्रीफळ घेतलं नाही. पुरुषांना त्यांनी तासभर बाहेर बसायची विनंती केली.

"चला रे, आज आपली हद्दपारी," म्हणत ते हसत उठले.

मॅडम सोपं बोलल्या. लग्न झालेलं असो वा नसो, वडिलोपार्जित जमिनीत लेकीचा वाटा भावाइतकाच. सोडायचा तर सोडा, पण स्वतःच्या मनाने. सही करायच्या आधी कागद वाचून घ्या. नाही म्हणता येतं.

मग गावचीच लेक, गणेशपुरीकडे दिलेली, भातशेती करणारी एक चाळिशीची बाई उठली. मी माईक तिच्या हातात दिला.

"मॅडम, सोमवारी माजी सई हाय. न्हाय केली तर माजं माहेर ऱ्हाईल का?"

मागून एक म्हातारी म्हणाली, "भावाने दिलेलीच साडी नेसून आलीस ना गं?"

"साडी परत दीन, मावशे."

मॅडम म्हणाल्या, "तुमच्या प्रकरणावर मी बोलू शकत नाही, ते उद्या माझ्याच समोर येऊ शकतं. आणि माहेर राहील का, हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. खोटा धीर देणार नाही."

शिबिर संपलं. दार उघडलं तर बाहेरचे पुरुष माना वर करून बसलेले. वर खांबावर भोंगा होता. गावात सप्ताह असो की बारसं, भोंगा बाहेर लागतोच; मंडपवाल्याने सवयीने जोडून दिला होता. आतला शब्दन् शब्द गावभर गेला होता.

तिचा भाऊ पुढे आला. "बाय, घरात बोलली असतीस माझ्याशी."

"घरात कोन इचारतं, दादा?"

सोमवारी तो तिला न्यायला गेला नाही. साऱ्या गावाने तो प्रश्न ऐकल्यावर बहिणीने राजीखुशीने सोडलं, असं म्हणायला त्याला तोंड नव्हतं. गोदामाचा व्यवहार अडला. चुलते तिला नको ते बोलले, भावजयीने फोन घेणं बंद केलं. मी तिला मोफत वकील मिळवून दिला आणि वाटणीचा दावा दाखल झाला. पुढे मॅडमची बदली झाली.

माझ्या यादीत तेव्हापासून एक ओळ वाढली आहे: बाहेरचा भोंगा बंद. बायकांना मोकळं बोलता यावं म्हणून ती ओळ हवीच. पण त्या दिवशी भोंगा बंद असता तर सोमवारी तिची सही झाली असती, असंही मला वाटतं. दोन्ही खरं आहे, आणि त्यातून मला अजून मार्ग सापडलेला नाही.

दिवाळीनंतरच्या तारखेला ती कोर्टाच्या व्हरांड्यात भेटली. भाऊबिजेला न बोलावता गेली होती.

"बसला का पाटावर?" मी विचारलं.

"बसला. वर बगितलं न्हाय. मी ओवाळलं, तसा उठला नि गेला."

"ओवाळणी?"

"काय न्हाय." तिने पदर खोचला. "ताई, पुढची तारीख कदी पडंल? झोडणी ऱ्हायलीय भाताची. मजूर सांगून ठेवायला लागतील."

मी आत विचारायला गेले.