डाव्या बुटाचा तळ

“बूट टेबलावर ठेव आणि तू स्वतः जरा गप्प बस,” मुकादम मला पहिल्याच भेटीत म्हणाले होते.

मी बूट ठेवला. त्यांनी माझा बूट उलटा केला, खिडकीच्या उजेडात धरला आणि तळावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, “उतारावर घाबरतोस. अंग मागे टाकतोस. टाचा बघ, पार गेल्यात.” डोंगर उतरताना त्यांनी मला कधीच पाहिलं नव्हतं.

मुकादम हे काही त्यांचं नाव नव्हे. बूट-चपला दुरुस्त करण्याचं त्यांचं दुकान होतं. एकच खोली, रस्त्यापासून दोन पायऱ्या खाली. त्यांच्या जागेवरून खिडकीतून रस्त्यावरच्या लोकांचे फक्त पाय दिसायचे. त्यांना तेवढे पुरत. वर्षातून दोनदा ते आम्हा चार-पाच जणांना डोंगरावर मुक्कामाला न्यायचे. कोण कुठे चालणार, कोणी किती पाणी उचलायचं, कोणाच्या तंबूत कोणी घोरायचं, सगळं तेच ठरवायचे. म्हणून मुकादम.

निघण्याआधीच्या गुरुवारी दुकान बंद असे. दुपारी आम्ही तिथे जमायचो आणि प्रत्येकानं आपले बूट पुढ्यात ठेवायचे. पसंत पडले की तळावर खडूची रेघ. नापसंत पडले की बूट फळीवर आणि बुटांचा मालक घरी. नियम सहा वर्षांपूर्वीचा. त्या साली आमच्यातला एक पोस्टमन कातळावरून घसरला. त्याला खाली आणायला दीड दिवस लागला, आणि नंतर तो काठीशिवाय चालला नाही. त्याचे बूट मुकादमांनी मागाहून दुकानात आणून पाहिले. उजव्या तळाची बाहेरची कड कागदाइतकी पातळ झाली होती. “आधी बघितलं असतं तर कळलं असतं,” एवढंच बोलले. पुढे तळ बघितल्याशिवाय त्यांनी कोणालाही नेलं नाही.

त्या गुरुवारी आम्ही चौघं होतो. शाळेतल्या बाई, ज्या मुकादमांबरोबर सर्वात आधीपासून डोंगर चढत होत्या. मुकादमांचा मेहुणा, वायरमन. मी. आणि मुकादमांची मुलगी. ती सात वर्षं दुकानातलं शिलाईचं मशीन चालवत होती, वडिलांच्या शेजारी बसून तळ वाचायलाही शिकली होती, पण मुक्कामाला पहिल्यांदाच येणार होती. ती मशीनपाशीच बसून राहिली. एक हात एप्रनच्या खिशात. तो तिनं बाहेर काढला नाही, चहाचा कप डाव्या हातानं घेतला.

मुकादमांनी नकाशा पसरला. तो उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर बुटांच्या चार सुट्या टाचा ठेवल्या.

“शनिवारी पहिली बस. शेवटच्या थांब्यापासून सहा तास चाल. मधे वस्ती नाही, फोन लागत नाही. चौथ्या तासाला हा कातळ.” बोट नकाशावर थांबलं. “वाट एक वीत रुंद. तीस पावलं. खाली काय आहे ते बघायचं नाही. पलीकडे पठार, झरा, तंबू. रविवारी त्याच वाटेनं परत.”

“कातळावर क्रम?” बाईंनी विचारलं.

“मी पुढे. पोरगी माझ्या मागे, माझ्या दोरीला बांधलेली. मग तुम्ही, मग हा. शेवटी मेहुणा.”

मुलीनं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

मग बूट. बाईंच्या तळावर रेघ पडली. माझ्या टाचांवर त्यांनी एक उसासा सोडला आणि रेघ ओढली. मुलीचे बूट कोरेच होते, त्यांच्याच हातचे. मेहुण्याचा बूट मात्र त्यांच्या हातात बराच वेळ राहिला.

“दाजी, निकाल आत्ता सांगताय की पोस्टानं पाठवताय?”

“गुडघा कधीपासून दुखतोय?”

“कोणाचा?”

“टाच आतल्या बाजूनं खाल्लीय. गुडघा सांभाळून चालतोयस.”

“अहो, दिवसभर शिडीवर उभा असतो मी. वायरमनचा बूट आहे तो, नाचणारीचा नव्हे.”

“फळीवर.”

मेहुणा हसला. कोणीच हसत नाही हे बघून थांबला. “दाजी, मी रजा टाकलीय. तंबू मी उचलणार आहे.”

“तंबू ठेवून जा. रजेत गुडघा शेक.”

“बायकोचा भाऊ म्हणून तरी...”

“म्हणूनच.” मुकादमांनी त्याचे बूट उचलून फळीवर ठेवले. “चला, झालं.”

“बाबा, एक राहिला,” मुलगी म्हणाली.

खिशातून हात बाहेर आला. हातात बुटापासून कापून काढलेला एक सोल होता. तिनं तो नकाशावर, कातळाच्या जरा बाजूला ठेवला. पुढच्या टोकाला बोट जाईल एवढं भोक होतं.

मुकादमांनी त्याला हात लावला नाही. “कुठे मिळाला?”

“मशीनखाली. काल झाडताना.”

“गिऱ्हाईकाचा असेल.”

“टाचेला तीन खिळे आहेत. असे तीन खिळे तुम्ही एकाच माणसाच्या बुटाला मारता.”

आम्ही सगळ्यांनी टेबलाखाली पाहिलं. मुकादमांच्या पायांतल्या बुटांना नवे सोल होते, काळे कुळकुळीत. सोल चिकटवायच्या सोल्यूशनचा वास इतका वेळ खोलीत होताच. दुकानच ते, म्हणून कोणाच्या लक्षात आला नव्हता.

“उन्हाळ्यात बदलले होतेत,” मुलगी म्हणाली. “चार महिन्यांत डाव्याला भोक पडलं. उजवाही तिथेच होता मशीनखाली, त्याला ओरखडा नाही.”

“दगडाला घासला असेल.”

“चार महिने घर ते दुकान आणि दुकान ते घर. मधे दगड कुठे आहे?”

मेहुणा तोंड उघडणार होता. बाईंनी नुसता हात वर केला.

“पाय उचलला जात नाहीये का?” त्यांनी मुकादमांना विचारलं.

मुकादम बाईंकडे न बघता मुलीला म्हणाले, “हे इथंच काढायचं होतं?”

“घरी विचारलं तर बूट सैल झालाय म्हणालात. डॉक्टरकडे चला म्हटलं तर डोंगरावरून आल्यावर म्हणालात. मी आजही बोलणार नव्हते, बाबा. पण मामाला तुम्ही फळीवर ठेवलंत.” तिचा आवाज चढला नाही, उलट बारीक होत गेला. “कातळावर मी तुमच्या दोरीला आहे. हा सोल परक्या कोणाचा असता तर तुम्ही काय केलं असतंत, तेवढं सांगा. मग म्हणाल तिथं येते तुमच्या मागे.”

बाहेरून कोणीतरी सायकल ढकलत गेलं. चाकं गेली, पाय गेले.

मुकादमांनी सोल उचलला. सवयीनं खिडकीकडे वळले, उजेडात धरला. अंगठा टाचेपासून निघाला, मधून पुढे सरकला आणि भोकाशी थांबला. दुसऱ्या हातानं त्यांनी खडू घेतला. मी बाईंकडे पाहिलं. त्या खडूकडे बघत होत्या. मुकादमांनी रेघ ओढली असती तर आम्ही गेलो असतो. आमच्यातल्या कोणाचीही त्यांना नाही म्हणायची छाती नव्हती, आणि हे त्यांना माहीत होतं.

त्यांनी सोल परत नकाशावर ठेवला, तळाची बाजू वर करून. रेघ नव्हती. मग वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागले. डाव्याची गाठ सुटेना. मुलगी उठली, तिला त्यांनी मानेनंच बसवलं. गाठ सुटली. दोन्ही बूट त्यांनी फळीवर मेहुण्याच्या बुटांशेजारी ठेवले, टाचेला टाच लावून. परत येऊन मुलीचा हात उघडला, त्यात खडू ठेवला आणि तिची बोटं मिटली.

ते पायऱ्यांकडे वळले. पहिली पायरी चढले. दुसरीला डावा पाय अडला. मेहुणा अर्धवट उठला होता, बाईंनी त्याची बाही धरली. मुकादमांनी चौकट पकडली, पाय ओढून वर घेतला आणि बाहेर पडले. खिडकीतून आम्हाला त्यांचे नुसते मोजे दिसले. उजवा टेकत होता, डावा त्याच्यामागून ओढत येत होता, आणि मग तेही खिडकीच्या कडेपलीकडे गेले.