गाव क : खर्ड्याहून नगरला, एका वयासाठी

लेकाचा कारखान्यावरून फोन आला. रूपीचं ठरवलंय, ऊसतोड संपून गावी आलो की उरकून टाकू. रूपी माझी धाकटी नात. तिचे दहावीचे पेपर संपून तेव्हा आठ दिवसही झाले नव्हते.

त्याच आठवड्यात नगरच्या संस्थेचं पत्र आलं. ही समाजाचा अभ्यास करणारी संस्था. तिथल्या मीनल मॅडम तीन वर्षांपूर्वी आमच्या गावात घरोघरी फिरून मुलींच्या लग्नाची वयं लिहून गेल्या होत्या. आता त्याचं पुस्तक झालं, मॅडमना डॉक्टरकी मिळाली, आणि माहिती देणाऱ्या बायांना जेवायला बोलावलं होतं. मी ठरवलं, रूपीला घेऊन जायचं. जेवणासाठी नाही. मॅडमनी गावात येऊन माझ्या लेकाला चार शब्द सांगावेत, एवढं मागायला. शिकलेल्या बाईपुढं तो मान खाली घालतो. आईपुढं कशाला घालील.

कुणाला जायचं असेल तर खर्ड्याहून जामखेडची पहिली गाडी धरा. नंतरच्या गाडीत कॉलेजची पोरं असतात, पाय ठेवायला जागा नसते. बायांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीच्या पुढं फुकट. आधार कार्ड मात्र दाखवावं लागतं.

"आजी, शहात्तर लिवलंय. दिसत न्हाई तुमी," कंडक्टर म्हणाला.

"मास्तरानं अंदाजानं लिवलंय. मलाच ठावं न्हाई तर तुला काय दिसनार?"

रूपी खिडकीकडं तोंड करून हसली.

जामखेडला वडापाव घेऊ नका, तेल कालचं असतं. आम्ही भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. नगरच्या गाडीवर अहिल्यानगर लिहिलेलं असतं, पण ओरडताना सगळे नगरच म्हणतात. मधे आष्टी-कडा, म्हणजे थोडा वेळ बीड जिल्ह्यातून जावं लागतं. रस्ता आता बरा झालाय. दोन्ही बाजूला बघण्यासारखं काही नाही. रान भाजलेलं, आणि मंगल कार्यालयं शाळांपेक्षा मोठी.

"मॅडम न्हाई म्हनल्या तर?" रूपीनं विचारलं.

"तर जेवून माघारी यायचं."

माझ्या पिशवीत सोनीचा शाळा सोडल्याचा दाखला होता, ते तिला माहीत होतं. सोनी तिची थोरली बहीण. चौदाव्या वर्षी लग्न लावलं. तोडीला नवरा-बायकोची जोडी लागते, आणि आई-बाप तोडीला गेल्यावर पोर घरी एकट्या म्हातारीच्या भरवशावर कशी ठेवायची, म्हणून. पंधराव्या वर्षी राहात्याकडं उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत बाळंत होताना गेली. बाळही गेलं. मॅडमनी वय विचारलं तेव्हा मी अठरा सांगितलं. आदल्या दिवशी गावातल्या एका शहाण्यानं सगळ्या बायांना बजावलं होतं, अठराच्या खाली बोललात तर केस होईल. मॅडमनी कागद मागितला. मी म्हणाले, उंदरांनी खाल्ला.

माळीवाड्याला उतरून रिक्षा केली. पहिला रिक्षावाला माणूस बघून भाव सांगतो, दुसऱ्याला विचारा. संस्था स्वच्छ आहे, झाडं आहेत, पंखे चालतात. आधी एका मुलाचं कौतुक झालं. उन्हाळाभर टँकरमागं फिरून त्यानं लिहिलंय, की पाणी आमच्या बौद्धवाड्यासारख्या वस्त्यांवर शेवटी का पोचतं. हे आमच्यातली कुठलीही बाई दोन मिनिटांत सांगेल. पण आमचं कुणी ऐकत नाही, त्याचं ऐकलं, आणि म्हणे दोन ठिकाणी टँकरची वेळ बदलली. त्याचं भलं होवो.

मग मीनल मॅडम उठल्या. भिंतीवर चित्र आलं. गावांची नावं ते लिहीत नाहीत, कुणाची बदनामी नको म्हणून. गाव अ, गाव ब, गाव क. क किल्ल्याजवळचं म्हटल्यावर मला कळलं, हे आमचं. अ आणि ब चे खांब लाल. क चा हिरवा.

"गाव क मध्ये लग्नं अठरानंतर होतात," मॅडम म्हणाल्या. "हा बदल आशा वाढवणारा आहे."

टाळ्या पडल्या. पुढं त्यांनी सांगितलं, की त्यांचा अभ्यास बघून तोडीला जाणाऱ्यांच्या मुलींसाठी वसतिगृह मंजूर झालंय. राहणं, जेवण, शाळा. पोरगी सुरक्षित राहिली की लग्नाची घाई होत नाही. यंदा अ आणि ब ला सुरू होईल. क ला सध्या गरज नाही.

रूपी माझ्याकडं बघत होती.

प्रश्न विचारा म्हणाले, तशी मी उठले. माईक आणून दिला.

"गाव क आमचं हाय. तिथं समद्या बायांनी खोटं सांगितलं. मी बी. लग्नात माझी सोनी चौदाची हुती." दाखला वर धरला. "तो हिरवा खांब पुसा."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मॅडमचा चेहरा चुन्यासारखा झाला. पुरी-गुलाबजाम झाल्यावर त्या माझ्याजवळ येऊन बसल्या.

"आजी, सगळ्याच अठराच्या कशा, ही शंका मला तेव्हाच आली होती."

"मग खोदून इचारायचं हुतं की."

"घरच्यांनी सांगितलं ते लिहायचं, असा नियम आहे. आता गाव परत तपासावं लागेल. वर्ष जाईल."

"वरीस न्हाई माज्याकडं. उन्हाळ्यात लगीन हाय. तुमी येऊन लेकाला सांगा."

त्यांनी दाखल्याची झेरॉक्स काढली. म्हणाल्या, येईन, पण माझ्या सांगण्यानं लग्न थांबेलच असं नाही. मुलांसाठीचा सरकारी नंबर आहे. तिथं कुणी कळवलं तर माणसं येतात. मग झेरॉक्सची घडी घालत म्हणाल्या, "कळवणारं घरातलं असेल तर लवकर येतात."

परतीच्या गाडीत रूपी झोपली नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकाला फोन लावला.

"सोनीचं खरं वय सांगून आले सभेत."

"कुनी इचारलं हुतं?"

"कुनीच न्हाई. आता ऐक. रूपीच्या हळदीला हात लावलास तर मी नंबर फिरवनार हाय."

"सवताच्या लेकाला आत घालशील?"

"घालीन."

त्याच्या मागं ट्रॅक्टर चालू होता. मग म्हणाला, "आनी मग तुला कोन संबाळनार?"

"ते तू नको बघू."

त्यानंतर त्याचा फोन नाही. संस्थेतली माणसं वाईट नाहीत. मॅडमनी दोन वेळा रूपीची चौकशी केली, रविवारी येते म्हणाल्या, अजून आल्या नाहीत. आपण सांगू तेवढंच ती लिहितात. आम्ही खोटं सांगितलं, म्हणून आमच्या गावाला वसतिगृह नाही. ते माझ्यावरच आहे.

तोड संपायला तीन आठवडे उरलेत. दरवर्षी ती माणसं यायच्या आधी मी घर सारवून ठेवते. औंदा सारवलं नाही. दाराची आतली कडी ढिली होती, ती ठोकून घट्ट केली.