फाटकापर्यंत

आमच्या इमारतीतल्या साठेकाकांकडे एक दुर्मीळ स्पोर्ट्स कार आहे. गाडीमालकांच्या क्लबच्या वर्धापनदिनानिमित्त कंपनीने अशा मोजक्याच गाड्या काढल्या होत्या. काका दर रविवारी ती पुसतात आणि पार्किंगमध्येच तिच्यात बसून राहतात.

काल काकू ठेवणीतली साडी नेसून त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. "आज तरी फिरायला न्या."

गाडी फाटकापर्यंत आली. पुढचा गतिरोधक बघून काका थांबले. "खालून घासली तर हिचा पार्ट मिळायचा नाही गं."

काकू उतरल्या आणि चालत निघून गेल्या. हौसेने आणलेली वस्तू माणसाला अशी कोंडून घालते का, असं माझ्या मनात आलं.

"काका, तुम्हीही जा ना त्यांच्याबरोबर," फाटकाजवळूनच मी म्हटलं.

बंद काचेआडून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग काच जराशी खाली करून म्हणाले, "आणि हिला एकटीला सोडू?"